शेपू, पुदिना आणि आठवड्याचं इंजेक्शन

आमच्या गल्लीतले काका टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा साखरेचा त्रास त्याहून जुना. परवा त्यांनी फ्रीजमधून, दह्याच्या भांड्यामागून, एक पेन काढून माझ्या हातात दिलं. लिहायचं नव्हे, टोचायचं.

"हे बघ. आठवड्यातून एकदाच घ्यायचं म्हणे. थेंबभर तर औषध. आठवडाभर काय करालंय ते आत?"

मी केमिकल लाइनमधला, त्यामुळे औषधांतलं सगळं मला कळतं असा गल्लीचा समज आहे. कुणी घ्यायचं, किती घ्यायचं यात मी पडत नाही, ते डॉक्टरांनी बघावं. पण हा प्रश्न अगदी आमच्या धंद्यातला निघाला. त्या थेंबाच्या टिकण्यामागे जी दोन-तीन कारणं आहेत, त्यातलं एक नेलपॉलिश पुसायच्या ॲसिटोनपासून बनतं. ओट्यावर बसून काकांना जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लावून सांगतो.

पेनमधलं औषध सेमाग्लुटाइड. हे पेप्टाइड आहे, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. डाळीतली, शेंगदाण्यातली, अंड्यातली प्रथिनं याही अशाच साखळ्या, फक्त पुष्कळ लांब. जवळजवळ सगळी सजीव सृष्टी या साखळ्या त्याच २० प्रकारच्या अमिनो आम्लांतून ओवते. इन्सुलिनमध्ये अशी ५१ आहेत, सेमाग्लुटाइडमध्ये ३१.

आता असं औषध गिळलं तर काय होईल? पोटाला इन्सुलिन आणि शेंगाचटणी यांतला फरक कळत नाही. दोन्हींचे तुकडे करून ते पचवायला घेतं. म्हणून टोचावं लागतं. पण रक्तात थेट सोडलं तरी सुटका नाही, कारण तिथेही साखळ्या कापणारी एन्झाइम्स फिरत असतात. जेवल्यावर आपलं आतडं जीएलपी-१ नावाचा एक संप्रेरक सोडतं. तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतो, भूक आवरतो. काम झकास, आयुष्य मात्र इतकं कमी की रक्तात आलेल्यापैकी निम्मा दोनेक मिनिटांत निकामी होतो. त्याला निकामी करणाऱ्या एन्झाइमचं नाव डीपीपी-४. ते साखळीच्या सुरुवातीला जातं, दुसऱ्या जागेवर ॲलॅनिन नावाचं अमिनो आम्ल आहे का बघतं आणि असलं की पहिली दोन छाटून टाकतं. काका आधी टेनेलिग्लिप्टिनची गोळी घ्यायचे. ती गोळी याच कात्रीचे हात बांधते.

सेमाग्लुटाइडमध्ये कात्रीला हात लावलेला नाही. बदललंय ते कापड. ॲलॅनिनच्या मधल्या कार्बनला एका बाजूला हायड्रोजन असतो, एका बाजूला मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन. तो इवलासा हायड्रोजन काढून तिथे आणखी एक मिथाइल बसवला की तयार होतं अल्फा-अमिनोआयसोब्युटिरिक आम्ल. नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून धंद्यात सगळे त्याला 'एआयबी' म्हणतात. एवढ्याशा फुगवट्याने डीपीपी-४ ची कात्री तिथे नीट बसत नाही.

सगळं श्रेय एआयबीला दिलं तर मात्र खोटं होईल. त्याने कात्री चुकवली, पण मूत्रपिंडातून वाहून जाणं कसं टाळणार? त्यासाठी साखळीच्या मध्यावर, लायसिनला, १८ कार्बनची एक तेलकट शेपटी जोडलेली आहे. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला धरून बसते आणि त्याच्या आधाराने दिवसचे दिवस फिरत राहते. कात्री चुकली आणि आधार मिळाला, म्हणून दोन मिनिटांचा आठवडा झाला.

अशा वीसाबाहेरच्या अमिनो आम्लांना इंग्रजीवरून 'अनैसर्गिक अमिनो आम्लं' म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. सोलापूर भागातल्या डाळिंब बागायतदारांना मर रोगावर शेणखतातून ट्रायकोडर्मा टाकायची सवय आहे. ही बुरशी दुसऱ्या बुरशींशी लढताना जी हत्यारं वापरते, त्यांत पेप्टाइडंही असतात, शत्रूच्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारी. त्यांतलं अलामेथिसिन हे प्रसिद्ध पेप्टाइड घ्या: २० घटकांपैकी ८ एआयबी! म्हणजे काकांच्या पेनमधलं 'अनैसर्गिक' अमिनो आम्ल डाळिंबाच्या बुडाशी बुरशी आपल्या हाताने करत असते. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या उल्केतही ते सापडलं. आपल्या शरीराच्या यादीत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आणि त्या यादीत नसणं हाच औषधाला फायदा, कारण शरीराच्या कात्र्या यादीतल्या मालासाठी धार लावलेल्या असतात.

यादीबाहेर जायचा दुसरा रस्ता आहे हात बदलण्याचा. हा भाग जरा सावकाश घेऊ.

मंडईत शेपूची जुडी घ्या आणि पुदिन्याची घ्या. शेपूच्या वासात एक घटक असतो, कार्व्होन. पुदिन्याच्या वासातला मुख्य घटकही कार्व्होनच. अणू तेच, जोडण्या त्याच, वजन तेच. तरी एकाचा वास शेपूचा आणि दुसऱ्याचा पुदिन्याचा, कारण हे दोन रेणू एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत, उजव्या-डाव्या चपलेसारखे. नाकातली जागा एका पायाची चप्पल ओळखते, दुसऱ्या पायाची निराळी म्हणून नोंदवते. (आमच्या घरी शेपू खाणारे आणि शेपूचं नाव काढलं की उठून जाणारे असे दोन पक्ष आहेत. त्याचा उलगडा मात्र रसायनशास्त्रात नाही.)

कार्बनला चार निरनिराळ्या गोष्टी जोडलेल्या असल्या की असा उजवा-डावा भेद येतो. २० पैकी ग्लायसिन सोडून सगळ्या अमिनो आम्लांत तो आहे आणि आपलं शरीर प्रथिनांसाठी त्यातला एकच हात वापरतं, त्याला 'एल' म्हणतात. दुसरा हात 'डी'. साखळीत मोक्याच्या जागी एक 'डी' ठेवलं की कापणारी एन्झाइम्स गोंधळतात.

मेंदूतून निघणाऱ्या जीएनआरएच या दहा घटकांच्या संप्रेरकात सहाव्या जागी ग्लायसिन असतं. तिथे डी-ल्युसिन घातलं आणि शेवटचं टोक थोडं बदललं की ल्युप्रोलाइड होतं, प्रोस्टेटच्या कर्करोगात देतात ते. त्याच सहाव्या जागी डी-सेरिन, वर एक जाडजूड गट चढवलेलं, ठेवलं की बुसेरेलिन. हे नाव पशुवैद्यकांकडे जास्त ऐकू येईल. म्हैस वारंवार उलटत असेल, म्हणजे भरवूनही गाभण राहत नसेल, तर जी इंजेक्शनं दिली जातात त्यांत हे असतं, म्हणजे आपल्या पंढरपुरी म्हशीही या रसायनशास्त्राच्या लाभार्थी. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात अंडं वेळेआधी सुटू नये म्हणून देतात ते सेट्रोरेलिक्स तर टोकाचं आहे. दहापैकी पाच 'डी', आणि पहिल्याच जागी असलेल्या अमिनो आम्लाला नॅफ्थॅलिनचं कडं. होय, कपाटात चादरींच्या घडीत टाकतो त्या डांबरगोळ्यांतलंच नॅफ्थॅलिन. अर्थात कडं तेच असलं तरी रेणू वेगळा, गोळ्या लांबच ठेवा.

साखळीत ओवायचे हे मणी, म्हणजे ही यादीबाहेरची अमिनो आम्लं, आणायचे कुठून? शेंगदाण्यातून किंवा सोयाबीनमधून काढता येत नाहीत, घडवावेच लागतात. सगळ्यात जुनी कृती १८५० सालची, आडोल्फ स्ट्रेकर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. ॲसिटाल्डिहाइड, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड एकत्र आणायचे, मग आम्लात उकळायचं, की ॲलॅनिन तयार. ॲसिटाल्डिहाइडच्या जागी ॲसिटोन घेतलं की एआयबी. कृती पावणेदोनशे वर्षांची, पण आजही कारखान्यांत तिच्या बहिणी-भाच्या नांदतात. सायनाइडवर काम करणाऱ्या शेडमध्ये हसणं-खिदळणं आपोआप बंद होतं, एवढंच त्याबद्दल सांगतो.

एआयबीचं नशीब असं की त्याच्या कार्बनवर दोन मिथाइल सारखेच आहेत. चार निरनिराळे गट नाहीत, म्हणून उजवं-डावं नाही, भानगडच नाही. बाकीच्यांचं तसं नसतं. ज्या रेणूवर सायनाइड चाल करून जातं तो तिथे सपाट असतो. वरून यायला आणि खालून यायला सारखीच वाट. त्यामुळे निम्मा माल डावा, निम्मा उजवा. सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, हजारो चपलांचा ढीग पडावा आणि आपल्याला फक्त डाव्या हव्या असाव्यात, तशी गत. आणि या चपला वजनाने, रंगाने, मापाने अगदी सारख्या. पाय घालून पाहिल्याशिवाय कळतच नाहीत.

रसायनातला हा पाय निसर्गाकडून उसना घेतात. चिंचेतलं टार्टारिक आम्ल एकाच हाताचं असतं. कापरापासून केलेलं कॅम्फर-सल्फोनिक आम्लही एका हाताचं मिळतं. असं आम्ल मिश्रणात घातलं की डाव्याशी त्याची जोडी एका प्रकारची बसते, उजव्याशी दुसऱ्या प्रकारची. एक जोडी पाण्यात विरघळून राहते, दुसरीचे खडे पडतात. खडे गाळून घ्यायचे. लुई पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे उजवे-डावे स्फटिक चिमट्याने निवडले होते. आपण त्याचीच गिरणी चालवतो.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी अशाच एका बॅचवर होतो. फिनाइलग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल, कापराच्या आम्लाबरोबर. मे महिना, बाहेर पारा ४३ च्या वर. पहाटेच्या शिफ्टला वीज गेली आणि चिल्ड ब्राइनचा, म्हणजे गार मिठाच्या पाण्याचा, पंप बंद पडला. खडे पडेनात. दोन तासांनी वीज आली, तेव्हा वेळ भरून काढायच्या नादात मी थंडावा एकदम सोडला. क्षणात अख्खा रिॲक्टर पांढराशुभ्र. ऑपरेटर खूश, मी खूश. संध्याकाळी क्यूसीचा, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागाचा, कागद आला: दोन्ही हात एकत्र खाली बसले होते. घाईने गार केलं की खडे निवडानिवड करत नाहीत, जे शेजारी येईल त्याला घेऊन बसतात. सगळा माल पुन्हा विरघळवून पहिल्यापासून. तेव्हापासून गार करताना मी घड्याळ उतरवून ठेवतो.

या पद्धतीचं मुख्य दुखणं वेगळंच आहे. काम बिनचूक झालं तरी निम्मा माल नको असलेल्या हाताचा उरतो. तो तापवून, रसायन घालून पुन्हा मिश्र करायचा आणि परत गाळायचा. चालतं, पण खर्च आणि सांडपाणी दोन्ही वाढतात.

यावरचा सगळ्यात देखणा तोडगा तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात आहे. ॲमॉक्सिसिलिन हे पेप्टाइड औषध नव्हे, पण पेनिसिलिनच्या गाभ्याला जो तुकडा जोडून ते बनतं, तो आहे डी-हायड्रॉक्सीफिनाइलग्लायसिन, म्हणजे यादीबाहेरचं आणि उलट्या हाताचं अमिनो आम्ल. जगात ते हजारो टनांनी बनतं. त्यासाठी फिनॉल, ग्लायऑक्झिलिक आम्ल आणि युरिया यांपासून आधी हायडेंटॉइन नावाचं एक कडं तयार करतात, अर्थातच निम्मं डावं, निम्मं उजवं. मग त्यात जिवाणूंचं एक एन्झाइम सोडतात, जे फक्त 'डी' हाताचं कडं उघडतं. 'डी' संपत आलं की उरतं 'एल'. पण हे कडं सौम्य अल्कलीत स्वतःहून कूस बदलत असतं. 'एल' आपोआप 'डी' होत राहतं, एन्झाइम त्याला उघडत राहतं, आणि शेवटी जवळपास सगळा माल एकाच हाताचा होतो. दुसरं एक एन्झाइम उरलेली शेपटी छाटून शुद्ध अमिनो आम्ल हातात देतं. ढिगातल्या उजव्या चपला आपल्या पायाने येऊन डाव्या व्हाव्यात, असं हे. पहिल्यांदा शिकलो तेव्हा मी खरंच हसलो होतो.

तिसरा मार्ग म्हणजे सुरुवातीपासून एकच हात तयार करणं. पार्किन्सनवरचं एल-डोपा हे असंच प्रथिनांच्या यादीत नसलेलं अमिनो आम्ल. खाजकुयलीच्या बियांत ते भरपूर असतं, पण कारखान्याला तेवढं पुरत नाही. अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियम धातूभोवती एका हाताची चौकट बांधली. तिच्यामुळे हायड्रोजन जवळजवळ एकाच बाजूने शिरतो. त्या कामासाठी त्यांना २००१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. अलीकडे एन्झाइमलाच पिढ्यान्‌पिढ्या निवडून, पाहिजे तसं वळण लावून, नवनवी ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्लं घडवतात. ही निवडपैदाशीची पद्धत फ्रान्सिस अर्नोल्ड यांची, २०१८ चं नोबेल.

मणी झाले, आता ओवणं. प्रत्येक अमिनो आम्लाला दोन तोंडं, एक अमाइनचं, एक आम्लाचं. मोकळी सोडली तर कोण कुणाला चिकटेल याचा नेम नाही. म्हणून अमाइनच्या तोंडावर 'एफमॉक' नावाची टोपी घालतात. पहिला मणी बारीक प्लास्टिकच्या गोळीला आम्लाच्या टोकाने पक्का बांधायचा, टोपी काढायची, दुसरा टोपीवाला मणी जोडायचा, धुवायचं, पुन्हा टोपी काढायची. ब्रूस मेरिफिल्ड यांनी गोळीला बांधून ओवण्याची ही युक्ती १९६३ मध्ये मांडली, १९८४ मध्ये नोबेल मिळालं. साखळी गोळीला अडकलेली असल्याने उरलंसुरलं नुसतं धुऊन जातं.

सोलापूरचा माणूस इथे धाग्याची उपमा देणारच, पण ती अर्ध्यावर तुटते. टॉवेलात एखादा धागा सुटला तर तो सेकंडमध्ये जातो, कमी भावात का होईना विकला जातो. पेप्टाइडात सेकंड माल नसतो. ३१ मण्यांना ३० सांधे. प्रत्येक सांधा ९९ टक्के जमला तर शेवटी पूर्ण साखळ्या ७४ टक्के. ९५ टक्के जमला तर जेमतेम २१. एआयबीचे दोन मिथाइल जसे एन्झाइमच्या आड येतात तसेच जोडणाऱ्याच्याही आड येतात, त्यामुळे तो सांधा हळू जमतो आणि कधीकधी तेच काम दोनदा करावं लागतं. यीस्टकडूनही सरळ करून घेता येत नाही, कारण यीस्टला ते वीसच माहीत. म्हणून मूळ कंपनी साखळीचा मोठा भाग यीस्टकडून घेते आणि एआयबी असलेलं सुरुवातीचं टोक रसायनाने जोडते.

आणि मणी विकत घेताना त्याचा हात किती शुद्ध आहे यावर आम्ही जीव का टाकतो, तेही सांगतो. एखादा मणी साखळीतून गळला तर वजन कमी भरतं, यंत्र लगेच पकडतं. पण एका मण्याचा हात उलटा असेल तर साखळीचं वजन तंतोतंत तेच. वजन मोजणारं यंत्र गप्प बसतं. असा भेसळीचा पेप्टाइड चांगल्या पेप्टाइडपासून वेगळा काढणं ही महागडी आणि चिवट कटकट. त्यामुळे चूक शेवटी शोधण्यापेक्षा पहिल्या मण्यालाच पारखून घेतात.

धुण्यासाठी लागणारं द्रावक बहुधा डीएमएफ, डायमिथाइलफॉर्मामाइड. किलोभर पेप्टाइडमागे टनावारी द्रावकं लागतात. इथे आपलं गाव येतं: बालाजी अमाईन्स ही सोलापूरची कंपनी. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला आणि इकडे चिंचोळी एमआयडीसीत तिचे कारखाने, आणि तिच्या उत्पादनांत डीएमएफ आहे. हे द्रावक जननक्षमतेला घातक मानलं जातं. युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून त्याच्या वापरावर कडक मर्यादा आणल्या आहेत आणि पर्यायी द्रावकांची शोधाशोध जोरात आहे. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे देशी कंपन्यांना मणी आणि द्रावक दोन्ही भरपूर लागणार.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मुद्द्यावर आले. "याची गोळी पण निघाली म्हणे. मग पोट कापत नाही होय?"

कापतं. गोळीत सोबतीला एक पदार्थ घालतात, तो जठराच्या भिंतीपाशी तेवढ्यापुरती आम्लता उतरवतो आणि थोडंसं औषध आत सरकवतो. बाकीचं जातंच. काकांचं इंजेक्शन आठवड्याला १ मिलिग्रॅमचं, तर साखरेसाठीची गोळी रोज १४ मिलिग्रॅमपर्यंतची.

काकांनी आयुष्यभर टॉवेलांचे गठ्ठे मोजलेत. "चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. म्हणजे सत्त्याण्णव पोटाला?"

"जवळजवळ."

त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि परत दह्याच्या भांड्यामागे ठेवलं.